बटणावरचं चामडं

बाबांचा फोन बिघडला त्या संध्याकाळी मी तोंडाने "अरेरे" म्हटलं आणि मनात म्हटलं, बरं झालं.

फोन धाकट्या भावाने पाठवलेला होता. तो लांब नोकरी करतो, सवड मिळाली की येतो, आणि त्याला सवड मिळत नाही. बाबांचा एक कान पूर्ण गेलाय, दुसऱ्यात ओरडून बोललं तर थोडंफार पोचतं. दुकानातल्या माझ्या साध्या फोनवर त्यांना माणसाचा आवाज म्हणजे नुसती खरखर. पण बोलणाऱ्याचं तोंड समोर दिसलं की ओठांवरून त्यांना सगळं कळतं, आपण गिळलेलंसुद्धा. म्हणून भावाने तोंड दिसणारा फोन धाडला. तेव्हापासून रोज दिवेलागणीला तो थरथरायचा आणि बाबा स्टूल ओढून खिडकीशी बसायचे. पलीकडे भाऊ आणि त्याच्या मांडीवर त्याची नुकती बोलायला लागलेली मुलगी. बाबा हसायचे. गालांना खळ्या पडेपर्यंत हसायचे. बाबांना खळ्या पडतात हे मला चाळिशी ओलांडल्यावर त्या फोनमुळे कळलं.

भावाला ते "सोन्या" म्हणतात. मला "अगं" म्हणतात.

आमचं चामड्याच्या कामाचं दुकान आहे, पुढे दुकान आणि मागे घर. पाकिटं, पट्टे, पिशव्या, चष्म्याची घरं. आधी बाबा शिवायचे आणि मी दोऱ्याला मेण लावून द्यायचे. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हापासून मी शिवते आणि ते तपासतात. तपासणं म्हणजे काय, तर वस्तू हातात घ्यायची, सगळ्या शिवणीवरून अंगठा फिरवायचा आणि बाजूला ठेवायची. फारच खूश असले तर "हं". एवढी वर्षं मी त्या "हं"वर काढली. आणि तिकडे सोन्याने एकदा स्वतःचा शर्ट स्वतः इस्त्री केला, तर ती बातमी बाबांनी मला सकाळी सांगितली आणि दुपारी परत सांगितली. दुपारी मी त्यांचेच शर्ट इस्त्री करत होते.

मला हेवा वाटायचा. त्याला दुसरं गोंडस नाव मी देणार नाही. भाऊ माझ्याच कडेवर वाढला, मला तो हवाच आहे. पण बाबांचं ते हसू त्याच्यासाठी राखून ठेवलेलं असावं, आणि त्याच घरात राबून मी ते बाजूने बघावं, हे माझ्या डोळ्यांत खुपायचं. कधीकधी तर मी मुद्दाम त्याच वेळेला हातोडी घेऊन पट्ट्यांना रिंगा ठोकायला बसायचे. बाबांना ऐकू येत नसे. भावाला यायचं.

फोनसोबत त्याने एक पारदर्शक, लिबलिबीत कव्हर पाठवलं होतं. मी ते काढून टाकलं. म्हटलं, बोलायचंय त्याच्याशी तर बोला, पण हातात माझं काम असू दे. दुकानातलं चांगल्यातलं चांगलं चामडं काढलं. आमच्याकडे घट्ट बसणारी वस्तू करायची एक रीत आहे. चामडं ओलं करायचं, आत जी वस्तू जायची तिच्यावरच ते ताणून बसवायचं आणि तसंच वाळू द्यायचं. वाळताना ते आवळतं आणि अंगाबरोबर बसतं. बाबांचा दंडकच होता की वस्तू एकदा तिच्या घरात गेली की हलता कामा नये. पूर्वी ते कानाशी धरून हलवून बघायचे, कान गेल्यावर तळहातावर आपटून बघायला लागले. जरा जरी हलली तरी शिवणाऱ्याची खैर नसे. पूर्वी दुकानात कामाला असलेले दोन कारागीर त्यापायीच सोडून गेले.

तर मी फोनला पातळ प्लास्टिक गुंडाळलं आणि त्याच्यावर चामडं वाळवलं. काचेपुरती खिडकी ठेवली. चार्जरला, कॅमेऱ्याला भोकं पाडली. चालू-बंद करायच्या बटणाला मात्र भोक पाडलं नाही, कारण कडेची सलग शिवण तिथे तुटली असती आणि मला ते बघवलं नसतं. बटणाच्या जागी चामड्याला बारीकसा फुगवटा दिला, वरून दाबलं की आतलं बटण दबायचं. शेवटी प्लास्टिक काढून फोन आत सरकवला आणि चौथी बाजूही शिवून टाकली. बाबांच्या हातून वस्तू पडतात, काढा-घालायची भानगडच नको.

बाबांनी अंगठा फिरवला. फोन तळहातावर आपटून पाहिला. म्हणाले, "हं."

मग कडक ऊन सुरू झालं. बाबा फोन शर्टाच्या खिशात ठेवायचे, घामाने चामडं ओलं व्हायचं, वाऱ्याला बसले की वाळायचं. आणि एका संध्याकाळी ते फोन घेऊन माझ्यासमोर आले.

"अगं, हे बघ काय करतोय. उठतोय आणि पडतोय, उठतोय आणि पडतोय."

काचेवर कंपनीचं चिन्ह उजळलं, फोन एकदा थरथरला आणि काळा पडला. परत चिन्ह, परत थरथर, परत काळा. घरात शिरावं की नाही हे न ठरवलेला पाहुणा उंबऱ्यावर करतो तसं चाललं होतं.

"स्वस्तातला असणार!" मी त्यांच्या चांगल्या कानात ओरडले. एवढ्या आनंदाने मी त्या कानात कधी ओरडले नव्हते.

भावाचा माझ्या साध्या फोनवर फोन आला. "ताई, बाबा का उचलत नाहीयेत?"

"तुझा फोन मेलाय."

"मेलाय म्हणजे? पूर्ण बंद आहे की चालू होऊन बंद होतोय?"

मी सांगितलं. मग त्याने तिकडून मास्तरकी सुरू केली. चार्जिंगला लावून ठेव. लावला, तसाच उठत-पडत राहिला. सिमकार्ड काढून बघ. त्याच्या खाचेवर माझी शिवण होती. "ते निघत नाही," मी म्हटलं. मग म्हणाला, आवाज कमी करायचं बटण आणि चालू-बंदचं बटण दोन्ही एकदम दाबून धर, एक यादी दिसेल. मी चामड्यावरून दाबून धरलं. यादी दिसली, वाचायला डोळे बारीक केले तोच गेली.

"काय लिहिलंय त्यात?"

"तुझा फोन वाचूच देत नाही. काय दिलंयस काय बाबांना!"

तो हळूच म्हणाला, "बघून, विचारून चांगला घेतला होता गं." त्याचा तो पडलेला आवाज ऐकून मला बरं वाटलं. वाटलं ते वाटलं.

त्यानंतरच्या संध्याकाळी माझ्या झाल्या. बाबा खिडकीशी न बसता माझ्या कामाच्या पाटापाशी स्टूल घेऊन बसायला लागले. एकदा त्यांनी मला एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली. त्याला कवळीसाठी चामड्याचं घर हवं होतं, आणि बाबा तेव्हा नवे होते, अंगात जोर होता. त्यांनी कवळीवर चामडं असं बसवलं की विचारू नका.

"लग्नाच्या पंगतीत बसला तो," बाबा म्हणाले. "पान वाढलं. खिशातून घर काढलं, उघडतोय, तर कवळी बाहेर येईना! शेजारच्याने ओढली, वाढप्याने ओढली. शेवटी नुसती बासुंदी पिऊन उठला बिचारा."

आणि बाबा हसले. खळ्या पडल्या. माझ्यासमोर, माझ्याशी बोलताना. मी चामडं टोचायची आरी हातात धरून बघतच राहिले. मनात म्हटलं, त्या फोनला असाच उठू-पडू दे.

पण गोष्ट संपली की बाबा खिशातून फोन काढायचे. मांडीवर धरून त्याचं उजळणं आणि विझणं बघत बसायचे. तक्रार एका शब्दाची नाही. मी विचारलं, "मोबाइलच्या दुकानात नेऊ का?" तर म्हणायचे, "राहू दे. घाई काय आहे." मला वाटायचं, त्यांनाही आता माझीच सोबत बरी वाटते. आपल्याला जे हवं असतं ते वाटायला फार पुरावा लागत नाही.

भाऊ मात्र पिच्छा सोडेना. "ताई, नेऊन दाखव ना कोणाला तरी. ही पोरगी रोज संध्याकाळी माझा फोन हातात घेऊन आबा आबा करते." शेवटी मी मोबाइलवाल्याकडे गेले.

मोबाइलवाला म्हणजे चौकातल्या जिन्याखालच्या टपरीतला माणूस. डोळ्याला भिंग लावलेलं, पुढ्यात उघडे पडलेले फोन. त्याने आमचा फोन उलटापालटा केला आणि म्हणाला, "हे आधी काढा."

"काय?"

"हे कातडं. आत काय चाललंय ते दिसायला नको?"

"ते निघत नाही. शिवलेलं आहे."

"मग कापतो," असं म्हणून त्याने खरंच कटर उचलला. मी त्याच्या हातातून फोन हिसकावला. ती शिवण कशी होती! एकेक टाका तांदळाएवढा, ओळीत, कुठे उणा नाही की अधिक नाही. आणि हा गडी त्यात कटर घालणार.

"बाई, फोन दुरुस्त करायचाय की कव्हर?" त्याने विचारलं.

मी फोन पिशवीत टाकून निघाले. वाटेत मात्र त्याचं म्हणणं डोक्यात टोचत राहिलं. उसवायचंच असेल तर मी उसवेन, परक्याचं काम नाही.

घरी आले तेव्हा बाबा आतल्या खोलीत पडले होते. मी पाटावर बसले, आरीच्या टोकाने एकेक टाका उचलला आणि दोरा काढला. फोन बाहेर सरकवला. प्लास्टिकचा तो उघडा तुकडा हातात घेऊन मी वाट बघत बसले. चिन्ह उजळलं. थरथरला. काळा होणार म्हणून मी बघतेय, तर उलट उजेड वाढला. भावाच्या मुलीचा फोटो आला, तिच्या नाकाला काहीतरी लागलेलं. आणि मग निरोपांमागून निरोप पडायला लागले. सगळे भावाचे. बाबा, बरे आहात ना. बाबा, फोन चालू झाला की लगेच सांगा. एक छोटासा व्हिडिओ होता, त्यात ती पोरगी फोन उलटा करून त्याच्या पाठीमागे आबांना शोधत होती.

मी फोन परत चामड्यात सरकवून बघितला. कड जागेवर बसली आणि काच काळी पडली. चिन्ह. थरथर. काळा. बाहेर काढला, चांगला. आत घातला, उठतोय आणि पडतोय. मग मी चामड्यात बोट घालून चाचपलं. घामाने ओलं होऊन वाळता वाळता ते आणखी आवळलं होतं, आणि मी एवढ्या हौसेने ठेवलेला फुगवटा आत वळून बटणावर बसला होता. बटण सतत दाबलेलं राहिलं की फोन दुसरं काय करणार? तो बिचारा हुकूम पाळत होता.

म्हणजे खोट सोन्याच्या फोनमध्ये नव्हती. माझ्या कामात होती.

आता सरळ होतं. बटणापाशी एक भोक पाडायचं, बाबांना उठवायचं, फोन हातात द्यायचा. मी चामडं कापायची रापी हातात घेतलीसुद्धा. आणि मग डोळ्यांसमोर आलं की बाबा स्टूल उचलतायत. खिडकीशी नेतायत. माझ्याकडे त्यांची पाठ आणि खळ्या तिकडे. वर सोन्याला कळणार, ताईच्या हातून चुकलं, तो समजूतदारपणे हसणार, आणि बाबा म्हणणार, बघ, माझा सोन्या कधी वाईट वस्तू पाठवेल का! मी रापी खाली ठेवली. दोऱ्याला मेण लावलं. जुन्याच भोकांतून नवा दोरा ओवत चौथी बाजू होती तशी शिवून टाकली. हात एकदाही चुकला नाही.

बाबा उठून आले. मी फोन पुढे केला आणि चालत नाही अशी खूण केली.

त्यांनी तो घेतला. सवयीने अंगठा कडेवरून फिरला, पुढे गेला, थांबला, मागे आला. त्यांनी चष्मा लावला आणि फोन दाराच्या उजेडात धरला.

"भोकं जुनी आहेत," ते म्हणाले. "दोरा नवा आहे."

मी दोऱ्याचं रीळ गुंडाळायला घेतलं.

"उसवलंस तेव्हा चालला का गं?"

दुसऱ्या कोणाशी मी पुटपुटून वेळ मारून नेली असती. बाबांशी खोटं बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं, आणि खोटं ओरडायला घसा तयार होत नाही. मी मान हलवली. हो, चालला.

"मग परत का शिवलंस?"

मग मात्र मी ओरडले. समोरचा इस्त्रीवाला हातातली इस्त्री धरून बघत राहिला, बघू दे म्हटलं. "कारण तो चालू झाला की तुम्ही माझे राहत नाही! तो दिसला की तुमच्या तोंडावर दिवे लागतात. मी रोज समोर असते, माझ्या वाट्याला काय, तर हं! नुसतं हं! त्याचा मला हेवा वाटतो, बाबा. जळते मी."

हे त्यांना ओठांवरून कळलं की आवाजावरून, ठाऊक नाही. ते स्टुलावर बसले. फोन मांडीवर उजळत आणि विझत राहिला.

"त्याच्यासमोर हसावंच लागतं," ते म्हणाले. "नाही हसलो तर तो तिकडे घाबरतो, रात्रभर झोपत नाही. तुझ्यासमोर काय सोंग करायचं? तुला माझं सगळंच माहीत आहे."

मी डोळे पुसले. ते पुढे म्हणाले, "आणि हे बटणाचं मला फोन बिघडला त्या पहिल्याच दिवशी कळलं होतं. अंगठ्याला दबलेलं लागलं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "पहिल्या दिवशी? मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? जन्मभर लोकांच्या टाक्यांत खोड काढली. दोन कारागीर पळवून लावले. तुझ्या कामात बोट ठेवायला कधी जागा मिळाली नाही. या वयात मिळाली, तीही तू माझ्यासाठी शिवलेल्या वस्तूत. म्हटलं, आपण नाही काढायची. सोन्या काय, येईल तेव्हा दिसेल."

"आणि पोरगी? ती काय तोवर लहान राहणार आहे?"

"नाही राहणार," बाबा म्हणाले, आणि खिडकीकडे बघितलं.

मी इतके दिवस मोजत बसले होते की सोन्याला किती आणि मला किती. माझी एक शिवण सांभाळायला या माणसाने आपली नात बघणं सोडलं होतं आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नव्हता. मी त्यांच्या मांडीवरून फोन उचलला. आरी वापरायलाही थांबले नाही. रापी घातली आणि त्या तांदळाएवढ्या टाक्यांतून सरळ ओढली. बाबांनी "अगं, अगं" म्हणत हात पुढे केला, तोवर झालं होतं.

फोन उठला आणि उठलेलाच राहिला. थोड्याच वेळात थरथरला. बाबांनी स्टूल खिडकीशी नेलं नाही. तिथेच माझ्या पाटापाशी बसून त्यांनी तो उचलला. काचेत भाऊ आला, केस विस्कटलेले, डोळे मोठे केलेले.

"बाबा! अहो, चालू झाला! काय झालं होतं त्याला?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. शांतपणे म्हणाले, "फोनच तसला. स्वस्तातला निघाला."

मी ऐकलं. सोन्याची चूक, बाबांच्या तोंडून, माझ्यादेखत. हे ऐकायला मी किती वर्षं कान लावून बसले होते. आणि काचेत माझ्या भावाचं तोंड उतरलं. नुसत्या "हं"वर भागवलं की माझं उतरायचं ना, अगदी तसं. खरंच सांगते, मला ते बघवेना.

मी बाबांच्या खांद्यावरून वाकले आणि तोंड काचेत घातलं.

"फोन चांगला आहे रे. माझं कव्हर बटणावर बसलं होतं. चूक माझी."

भाऊ थबकला आणि मग हसायलाच लागला. "ताई? तुझ्या हातचं, आणि चुकलं?"

त्याचे ओठ बाबांनी वाचले. मी काही बोलायच्या आत ते काचेवर खेकसले, "चुकलं कुठे? घट्ट झालंय ते. तुला काय कळतंय त्यातलं!"